सुऱ्यावरचा अंगठा

गल्लीत तिला सगळे गॅरंटी मावशी म्हणत. बंदुकीची नळी असो की खाटकाचा सुरा, ती जुना गंज काढायची, वाळूचा मारा करून पोलाद उघडं पाडायची, त्यावर लेप फवारून दोन तास भट्टीत भाजायची आणि छातीठोकपणे सांगायची, "पाच वर्षं गंजाचं नाव नको." पंचवीस वर्षांत एकही वस्तू परत आली नव्हती. रसायनात हात घालून घालून तिच्या बोटांवरच्या रेषा मात्र पार पुसून गेल्या होत्या. "तू चोरी केलीस तर पोलिसांची पंचाईत," शेजारच्या खोलीत लेथ चालवणारा नवरा म्हणायचा.

एके सकाळी एक शिक्षिका आली. तिचे वडील जंगलात रखवालदार होते, आठ महिन्यांपूर्वी गेले. त्यांचा सुरा तिने टॉवेलात गुंडाळून आणला होता. मूठ आणि पातं अखंड पोलादाचं.

"बाबांचा घाम फार खारट," ती म्हणाली. "किल्ल्या, घड्याळ, दाराची कडी, हात लावतील ते गंजायचं. हा तरी टिकावा असं वाटतं."

"असतात काहींचे हात तसे," मावशी म्हणाली. "पण आता त्यांचा हात कुठे लागणार आहे? टिकेल."

लेप चढवून नेलेला सुरा घेऊन ती नवव्या दिवशी पुन्हा दारात. मुठीवर, अंगठा टेकतो नेमक्या त्याच जागी, तांबूस डाग. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लेप खरवडला, दुप्पट वेळ वाळू मारली आणि सगळं काम हातमोजे घालून केलं. बारा दिवसांनी सुरा परत आला. डाग तिथेच होता, आणि भिंगाखाली त्यात रेषा दिसत होत्या. गोल गोल, अन् मधूनच तिरकी गेलेली जुन्या जखमेची खूण.

"तुझाच हात लागला असेल," नवरा म्हणाला.

तिने अंगठा त्याच्यापुढे धरला. काचेसारखा गुळगुळीत. तो लेथकडे वळला.

या खेपेला नवा लेप दिल्यावर तिने सुरा दुकानाबाहेर जाऊच दिला नाही. लेप किती टिकतो ते बघायला तिच्याकडे एक पेटी होती, आत रात्रंदिवस खाऱ्या पाण्याचं धुकं. त्यात तिने सुरा टांगला, पातं भिंतीकडे करून. शेजारी तोच लेप दिलेल्या बंदुकीच्या दोन नळ्या. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, तिने झाकण उघडलं. नळ्या कोऱ्या करकरीत. सुऱ्याचं पातं तिच्याकडे वळलेलं. मुठीवर अंगठा होताच, आणि पलीकडच्या अंगाला चार बोटंही उमटली होती, कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखी. झाकण तसंच उघडं टाकून मावशी मागे सरली.

तिने शिक्षिकेला बोलावून घेतलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. "मी हात टेकले, बाई. हे माझ्या कामाच्या पलीकडचं आहे."

शिक्षिकेने त्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. "लाकूड फोडताना लागलं होतं त्यांना," ती हळूच म्हणाली. "रोज सकाळी पायरीवर बसून तेलाच्या फडक्याने हा पुसायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मावशी, लेप काढूनच द्या."

मावशीने लेप उतरवला. खालचं पोलाद आणि त्यावरची बोटं तशीच ठेवून सुरा तिच्या हाती दिला.

चार महिन्यांनी शिक्षिकेचा फोन आला. डाग वाढला नव्हता. रोज सकाळी ती पायरीवर बसून सुरा पुसत होती.

"एकच सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी हातात घेते तेव्हा मूठ कोमट असते."

"बरं," मावशी म्हणाली. फोन ठेवून ती भट्टीकडे गेली. त्या दिवशी तिने दुकानाचं दार सताड उघडं ठेवून काम केलं.