अव्वाची अंगडी

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. कानडीत अव्वा म्हणजे आई. त्यांचं माहेर दुधनीचं. घरात बोलणं कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि माझ्यावर रागवायचं असलं की दोन्ही. सोलापुरात आमचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं छोटंसं दुकान आहे. दारावर कानडी अक्षरांत पाटी होती, 'अव्वन अंगडी', म्हणजे आईचं दुकान. ती सासऱ्यांनी स्वतः ब्रश घेऊन रंगवलेली. शेवटचं अक्षर मावेना म्हणून त्यांनी ते चेपून बसवलं होतं. सासरे गेले, पण अव्वा रोज सकाळी पाटीवरून फडकं फिरवतात, त्या चेपलेल्या अक्षरावर जरा जास्तच.

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा नियम तसा जुना, पण आमच्यासारखी दोन-चार माणसांची दुकानं त्यातून सुटायची. मग कायदा बदलला आणि तो सगळ्यांनाच लागू झाला. शेजारच्या दुकानदारानं ही बातमी अशी काही तिखटमीठ लावून सांगितली, की आपली पाटी काढून नेणार असंच अव्वांना वाटलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. 'ब्याड' म्हणाल्या, म्हणजे नको. मला रडू आलं आणि शेजाऱ्याचा भयंकर राग आला. मी नियम वाचून काढला. दुसरी भाषा पुसा असं त्यात कुठंच नव्हतं. मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं लहान नकोत, इतकंच. पण अव्वांचा माझ्यावर विश्वास कधी बसलाय?

"सायबानं सांगू दे," म्हणाल्या.

तरी जुन्या पाटीच्या वर नवी लावायला तयार झाल्या. मी 'आईचं दुकान' सुचवलं.

"दुकान काय, कुणाचंबी असतंय की. आपली अंगडी हाय."

म्हणून ठळक मराठी अक्षरांत लिहून घेतलं, 'अव्वाची अंगडी'. माझं माहेर पुण्याचं, पण इतकी वर्षं घरात अंगडी म्हणजे दुकान हेच ऐकत आलेली. दुसरं काही सुचलंच नाही.

पाटी लागली, आणि मोडनिंबच्या एक बाई आत आल्या.

"अंगडी हायत का?"

"हीच की अंगडी," अव्वा म्हणाल्या.

"दाखवा की मग."

अव्वांनी हात फिरवून सगळं दुकान दाखवलं. बाई भाकऱ्यांच्या चळतीकडं बघत राहिल्या. "आवो, नातीचं बारसं हाय पुढच्या आठवड्यात. अंगडी-टोपडी पायजेत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मराठीत अंगडं म्हणतात, आणि एकापेक्षा जास्त असली की ती अंगडी. भाकरीच्या दुकानावर आम्ही झबल्यांची पाटी लावून बसलो होतो. मी हसत सुटले. अव्वा मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या, कारण पाट्या तपासणारे साहेब नेमके दारात उभे होते.

त्यांनी मान वर करून वाचलं. "अंगडी? हा शब्द मराठी आहे का?"

अव्वांनी माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडायच्या आत मोडनिंबच्या बाईच म्हणाल्या, "व्हय, मराठीच की. तुमी लहानपनी घातली न्हाईत का?"

साहेबांना हसू आवरेना. अक्षरं देवनागरी आहेत, मोठी आहेत, चालतंय म्हणाले.

"आन खालची पाटी?" अव्वांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की त्यांचा वाटेना.

"राहू द्या की. तिला कोण हात लावतंय?"

अव्वा पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. मग उठून मला कानडीत दोन शब्द सुनावले, नियम नीट समजावून सांगितला नाही म्हणून. मला त्या दिवशी ते फार गोड लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून सासऱ्यांचं धोतर काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, आजवर कुणाला हात लावू न दिलेलं.

"पाटीवर लिवलंय, तर ठेवाय पायजे," म्हणाल्या, आणि मोडनिंबच्या बाईंच्या नातीसाठी अंगडं शिवायला बसल्या. कापताना जरा चुकलं. दुसरी बाही पुरेना, तेव्हा ती चेपून बसवली. अंगडं उजेडात धरून बघितलं आणि खुशीत हसल्या.

"ह्यांच्यासारखंच झालं," म्हणाल्या.