सई, तिची आत्या आणि वेखंडाची वाटी

मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट सांगते.

दुपारी वाटूरहून नणंदबाई आल्या. माझी पाच वर्षांची सई बोलताना अडखळते, म्हणून आल्या आल्या त्यांनी वेखंड उगाळलं. "जिभेला लावलं की जल्दी बोलायला लागते बघ," म्हणत त्यांनी तिची हनुवटी धरली.

सईने तोंड गच्च मिटलं. डोळे भरले. ही पोर आता बोलणंच सोडते की काय, या भीतीने मी ओरडले, "ताई, सोडा तिला!"

ताईंनी तिची हनुवटी सोडली.

मग सईच बोलली. "आत्या, म... म... म..."

शेजारी बसलेल्या सासूबाई तिचा शब्द पुरा करणार, तोच मी त्यांचा हात दाबला. सगळे थांबलो.

"...मी तुझ्यासाठी बोरं ठेवलीत."

ताईंनी वाटी खाली ठेवली. "मंग आण की गं," म्हणाल्या.

तुमच्या घरी अडखळणाऱ्या लेकराचं वाक्य कोण पुरं करतं? लेकरू, की तुम्ही?