कोस्टाची तीन उत्तरं

ही गोष्ट मी नोकरीत असताना कुणाला सांगितली नाही आणि निवृत्तीनंतरही नऊ वर्षं टाळली. चूक माझी होती, म्हणून.

भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात मी सिक्युरिटी सेक्शनला होतो. परदेशी इंजिनिअरला शॉपमध्ये, म्हणजे जिथे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, सोडायचं की नाही, याची नोट मी लिहायचो. या परवानगीला क्लिअरन्स म्हणतात. आमची एक पद्धत होती. एकच साधा प्रश्न तीन ठिकाणी, गप्पांच्या ओघात विचारायचा. उत्तर बदललं की माणूस संशयित.

कोस्टा एका युरोपियन कंपनीकडून मशीन बसवायला आला होता. प्रश्न होता, तुम्ही मूळचे कोण? गेटवर म्हणाला, "ग्रीक." पासपोर्टही ग्रीसचा. कॅन्टीनमध्ये म्हणाला, "आमचं गाव व्लाखांचं. आजोबा मेंढपाळ." आणि बरखेड्याला माझ्या क्वार्टरमध्ये थालीपीठ खाताना म्हणाला, "घरी आम्ही स्वतःला अरमन म्हणतो."

मग त्याचं सगळंच खटकू लागलं. फोनवर आईशी बोलायचा ती भाषा ग्रीक नव्हती, हे त्याच्याच सहकाऱ्याने सांगितलं. वहीत काय लिहायचा, कोण जाणे.

बायको म्हणाली, "अहो, इथे शेजारी तुम्हाला मराठा म्हणतात. पुण्याच्या वन्सं भोपाळी म्हणून चिडवतात. तुम्ही स्वतःला नागपूरकर म्हणवता. लिहा की तुमचीही नोट!"

"तू यात पडू नकोस."

कंपनीकडे खुलासा मागितला. एक पान आलं. बाल्कनच्या डोंगरांत राहणारे, रोमन साम्राज्याच्या काळातल्या लॅटिनमधून निघालेली बोली बोलणारे हे लोक. ते तिथलेच, की डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शेजारी त्यांना व्लाख म्हणतात, पुस्तकांत अरोमानियन. अरमन हे त्यांचं स्वतःचं नाव, मूळ 'रोमन'वरून आलेलं. तिन्ही उत्तरं खरी होती. मी ते पान दोनदा वाचलं. पटलंही.

पण आमच्या शुक्लासाहेबांनी वर सांगून टाकलं होतं, की एक माणूस सापडलाय.

"जोशीजी, बंदा गड़बड़ है कि नहीं? एक लाइन में बोलो."

"सर, जवाब मेल नहीं खाते."

"बस. यही लिखो."

तेच लिहिलं. खुलासा फाइलला लावला, पण सर्वांत खाली, पासपोर्टच्या झेरॉक्समागे. साहेबलोक वरची दोन पानं वाचतात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

क्लिअरन्स नाकारला गेला. कंपनीने कोस्टाला परत बोलावलं आणि कामावरून काढलं, असं त्याच्या जागी आलेल्या माणसाकडून कळलं.

उत्तरं बदलली, तर विचारणाऱ्याने आधी स्वतःचा प्रश्न तपासावा. हे मला नंतर उमगलं, असं म्हणणं सोयीचं होईल. नोट लिहितानाच मला ते कळत होतं.

तो निघाला त्या दिवशी गेट पास परत घ्यायला मीच होतो. त्याने सही केली आणि विचारलं, "माझ्या कामात काही चुकलं का? घरी विचारतील."

"नाही."

"मग?"

बाहेर गाडी उभी होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "रूटीन आहे," आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.