भिंतीवरची दुसरी ओळ

देगलूरच्या बस स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा दादा तिचा उशीर मोजत होते. दादा म्हणजे माझे वडील, शाळेत शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी घंटा दिली आणि त्या काळात सगळं जग त्यांच्या घड्याळाच्या दोन मिनिटं मागे चाललं होतं. आईनं डब्यात दशम्या दिल्या होत्या. माझी मैत्रीण शालन खिडकीखाली उभी होती. आम्ही दोघींनी नांदेडला नर्सिंगचं शिक्षण एकत्र घेतलं. तिला गावचं उपकेंद्र मिळालं, मला हैदराबादेत घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. गाडी हलली तशी ती ओरडली, "मंदे, तिकडं काय नवं शिकलीस तर मला लिही. हितं मला कोण शिकवणार?"

"लिहिते गं," मी म्हणाले. दादा म्हणाले, "माय, पोचल्याचं कार्ड टाक." दादांचं कार्ड मी टाकलं.

हैदराबाद तेव्हा एकाएकी श्रीमंत व्हायच्या घाईत होतं. कोठीला जुन्या पुस्तकांच्या शेजारी संगणकाचे क्लास निघाले, कुकटपल्लीत कारखान्यांच्या बाजूला इमारती उठल्या, मोठी इस्पितळं काचेची झाली. काचेच्या इस्पितळातून माणसं लवकर घरी पाठवत, आणि घरी त्यांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसे. तिथून आमचं काम सुरू होई. भाषेचं काही विचारू नका. घरी मराठी, रुग्णाशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, आणि अहवाल इंग्रजीत, जी यांपैकी कुणाचीच नव्हती.

दर शनिवारी आम्ही नर्सा नारायणगुड्याच्या ऑफिसात जमत असू. सरोजिनी अक्का आमच्यात वडीलधाऱ्या. त्यांचा नियम होता: आठवड्यात झालेली एक चूक प्रत्येकीनं सांगायची, मगच चहा. त्या चुकांतून मी जेवढं शिकले तेवढं पुस्तकांतून शिकले नाही, आणि पुस्तकं मी कमी वाचलेली नाहीत. फक्त माझ्या चुका नेहमी नीटनेटक्या असत, पाहुण्यांसमोर ठेवायच्या कपबशीसारख्या. "आज मी पट्टी जरा घट्ट बांधली." अक्का माझ्याकडे क्षणभर बघत आणि चहा ओतत.

आम्ही अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी एक छापील तक्ता देत असू. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चौकोनात खूण करायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. घरचे लोक सज्जन. आम्ही येणार त्या सकाळी ते आठवड्याच्या सगळ्या खुणा एका पेननं, एका दमात करून ठेवत. आम्ही तो तक्ता फायलीला लावत असू. संस्थेचं काम तक्त्यावर उत्तम चाललं होतं. पाठी मात्र सोलवटत होत्या.

अशात दादांना अर्धांगवायू झाला. मला रजा मिळून गावी पोचायला तीन आठवडे लागले. वाटेत मी मनाची तयारी केली होती, जखमेचं सामान बरोबर घेतलं होतं. घरी जाऊन त्यांची पाठ पाहिली तर कुठं लालीसुद्धा नाही.

आईला घड्याळ कळत नव्हतं. म्हणून शालननं दादांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर गेरूनं चित्रं काढली होती. सकाळची एस.टी., शाळेची घंटा, मधल्या सुट्टीची घंटा, मशिदीतली बांग, परतणारी गुरं, टीव्हीच्या बातम्या. प्रत्येक चित्रापुढे बाण, डावीकडे किंवा उजवीकडे. एस.टी.चा हॉर्न आला की आई हातातलं काम टाकून दादांची कूस बदले. घंटा झाली की पुन्हा. दादा वाकड्या तोंडानं म्हणत, "नवा पोरगा... दोन मिनिटं उशीर." त्यांना त्यांच्याच घंटेवर फिरवलं जात होतं आणि ते खूश होते.

चित्रांच्या त्या ओळीखाली कोळशानं आणखी काही खुणा होत्या, अगदी वेड्यावाकड्या. त्या कशाच्या, हे मी विचारलं नाही. शालनला एवढंच म्हणाले, "छान केलंस." ती म्हणाली, "तू काही लिहिनास, मग आपलं सुचंल तसं केलं." मी वहीत वरची ओळ उतरवून घेतली.

परत येऊन मी कुकटपल्लीच्या रुग्णांसाठी तसाच चित्रांचा तक्ता केला; त्यात एस.टी.च्या जागी पाण्याचा टँकर आला आणि घंटेच्या जागी कारखान्याचा भोंगा. तक्ता लागू पडला. संस्थेनं मला परिषदेला पाठवलं. मोठं हॉटेल, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा. समई एसीच्या वाऱ्यानं पेटेना, तेव्हा चार मान्यवर तिच्याभोवती ओंजळी धरून उभे राहिले. एवढी शुश्रूषा आमच्या एखाद्या रुग्णाची झाली असती तर तो उठून बसला असता, असं मी मनात म्हटलं आणि मग स्वतःच शाल घ्यायला व्यासपीठावर गेले. पडद्यावर माझ्या तक्त्याचं चित्र पडलं होतं, खाली माझं नाव. कुणीतरी विचारलं, कल्पना कुठून सुचली? मी म्हणाले, "फील्डमधून." इंग्रजीत हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात माणसं दिसत नाहीत.

संस्थेच्या पत्रिकेत फोटोसह लेख आला, तो मीच घरी पोस्टानं पाठवला. इंग्रजी वाचणारं तिथं कोण? शालन. तिनं तो दादांना मराठीत करून सांगितला. आठवड्यानं तिचं कार्ड आलं. त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. "तक्ता पोचला. दादा बरे आहेत. एक विचारायचं होतं. शाळेला सुट्टी असली की घंटा होत नाही. मी तेव्हा पिठाच्या गिरणीचा आवाज धरते. तुझ्या तक्त्यात खालची ओळ दिसली नाही. तुमच्याकडे भोंगा बंद असला की तू काय धरतेस?"

मला तेव्हा तो टोमणाच वाटला. कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

पुढे दिवाळीला गावी गेले. दादांनी उशाखालून पत्रिका काढली. बोलायला त्यांना वेळ लागे. "माय, शालनचं नाव... राहिलं वाटतं." मग त्यांनीच मला वाट काढून दिली. "छापखान्याची चूक असंल."

"हो दादा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, ते मला आजवर माहीत नाही. उन्हाळ्याआधी ते गेले.

त्याच सुमारास कुकटपल्लीचा तो कारखाना बंद पडला आणि भोंगा थांबला. भोंग्यावर माझी एक म्हातारी रुग्ण होती, सत्यम्मा. तिचा मुलगा त्याच कारखान्यात. नोकरी गेली तसा तो घरी बसला, म्हणजे घरात माणूस एक वाढलं आणि कूस बदलणं बंद झालं. मी ते पंधरा दिवस दुसऱ्या शहरात तोच तक्ता दाखवत होते. परत येऊन चादर उचलली तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम. मुलगा म्हणाला, "भोंगा नहीं बजा, सिस्टर. हम राह देखते बैठे."

शनिवारी माझी पाळी आली. मी कारखाना सांगितला, मुलाची हाय खाल्लेली अवस्था सांगितली, नवं आर्थिक धोरणसुद्धा सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हौ अम्मा, ये कारखाने की गलती हुई. अब तुम्हारी बोलो."

छापखान्याची चूक, कारखान्याची चूक. मला दादांचा वाकडा ओठ दिसला. मी म्हणाले, तक्त्याला दुसरी ओळ असायला हवी होती, ती मी घेतली नाही. पडद्यावर ती बरी दिसली नसती. एवढंच म्हणाले. ओळ कुणाची, ते तेव्हाही नाही. अक्कांनी कप पुढे केला. सत्यम्माची जखम पुढे अक्कांच्या हातून भरली. मला तिचा मुलगा चादरीला हात लावू देईना.

आता अक्का नाहीत आणि शनिवारची बैठक मी चालवते. आदिलाबादच्या, निजामाबादच्या, आपल्या नांदेडच्या पोरी येतात, मोबाइलवर जखमांचे फोटो दाखवतात, चार भाषांत चुका सांगतात. दोन ओळींचा तक्ता मी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवते आणि कुणाचा ते सांगते. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, शालनताईंना बुलवा ना एकदा." मी म्हणाले, बघू.

गावचं घर विकलं. नव्या मालकानं भिंतीला ऑइलपेंट दिला, असं ऐकते. आपल्यातले बाहेर गेलेले लोक गावाची आठवण काढतात तेव्हा चवी आणि वास सांगतात. मला ते जमत नाही. मला त्या खाटेसमोरची भिंत दिसते, आणि तिच्यासमोर उभी राहून वहीत एकच ओळ लिहिणारी मी. माझं गाव म्हणजे आता ड्रॉवरमधलं ते कार्ड. त्यावर एक प्रश्न आहे आणि तो विचारणारी अजून तिथंच राहते.

शालन, तुझ्या कार्डाला उत्तर देते. भोंगा बंद असला की मी काहीच धरत नव्हते. ती चूक छापखान्याची नव्हती. या शनिवारी ये. चहाच्या आधी मला बोलायचं आहे, आणि तू समोर असायला हवीस.