परवा बदललेली नळी

माझ्याविषयी एका कागदावर दोन शब्द लिहिले गेले होते: 'खोटी माहिती'. आता ते तिथे नाहीत, मी ते काढायला लावले. पण ज्या बाईने ते लिहिले, तिने त्याआधी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून माझ्या हातची पोळी तूप लावून खाल्ली होती, आणि दुसरी मागून घेतली होती. हे मी विसरलेले नाही.

हैदराबादच्या अंबरपेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. तळमजल्यावर एक लांब हॉल, मागे सिलिंडरची जाळीची खोली, सहा शेगड्या आणि कामाला बारा बायका. सुरुवात काचीगुड्याला भाड्याच्या खोलीत एका शेगडीवर झाली. तेव्हा डबे मी स्वतः बसने पोचवत असे आणि पिशव्यांचं वेगळं तिकीट लागेल म्हणणाऱ्या कंडक्टरशी रोज भांडत असे. मला कुणी हात दिला नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. समोरच्याने पहिल्यांदा जे सांगितलं ते मी कधीच कबूल करत नाही, मग तो गौलीगुड्याच्या बाजारातला मसालेवाला असो की जागेचा मालक. ही सवय आहे. तिने मला उभं केलं.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक मोठी कंपनी आहे. तिच्या कँटीनला दुपारच्या पोळ्या आणि दोन भाज्या आमच्याकडून जातात. आमचं बहुतेक सगळं काम त्या एका कँटीनवर चालतं. कंपनीने नियम काढला की बाहेरून जेवण पुरवणाऱ्यांच्या माणसांनाही सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. त्यासाठी त्यांनी आपली एक मॅडम पाठवली. मूळची पुण्याची, वयाने माझ्या मुलीएवढी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मी मराठी आहे हे कळल्यावर तिला फार बरं वाटलं.

"काकू, पूर्ण दिवस लागेल," ती म्हणाली.

मला ताई चालतं, इथल्या लोकांसारखं अम्मा चालतं. काकू म्हटलं की आपण कुणाच्या तरी मागच्या खोलीत बसून शेंगा सोलतोय असं वाटतं.

"पूर्ण दिवस कशाला? आम्ही काय विमान चालवतो?"

"सहा भाग आहेत ना. आग, गॅस, भाजणं, घसरणं, वजन उचलणं आणि ताणतणाव."

"ताणतणाव काढा. माझ्याकडे कुणाला ताण नाही."

पाटावर पोळ्या लाटणाऱ्यांपैकी कुणीतरी खोकलं. मी वळून पाहिलं तर सगळ्यांच्या माना खाली.

"उचलणं ठेवा, पिठाची पोती जड असतात," मी म्हणाले. "फरशी ओली असते, घसरणं ठेवा. आग आणि भाजणं ठेवा. गॅस काढा."

"गॅस कसा काढू, काकू?"

"अहो, आम्ही जन्म गॅससमोर काढला. तुम्ही आम्हाला गॅस शिकवणार?"

ती हसली. तिने थोडं ताणलं, मी थोडं ताणलं, दीड तासावर तुटलं. त्या दिवशीचा माल वेळेवर निघाला आणि मला वाटलं, सौदा चांगला झाला.

दीड तासात तिने चित्रं दाखवली. भाजल्यावर हळद, पीठ, कॉफी काहीही लावायचं नाही, नळाखाली धरायचं आणि धरून ठेवायचं, असं दोनदा सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गॅसचा भाग मी कापला होता, पण त्याचा फॉर्म भरणं भागच होतं. ती शेगड्यांपासून लांब, दारापाशी उभी राहून एकेक विचारत होती. मी टेम्पोत डबे मोजून चढवत होते.

"काकू, गॅसच्या रबरी नळ्या कधी बदलल्या?"

"परवा," मी मागे न बघता म्हणाले.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि लिहिलं. मी सही केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हैदराबादेत 'परसों' म्हणजे दोन दिवसांपूर्वी नव्हे. परसों म्हणजे मागे कधीतरी. कुणी वारलं तर परसों वारलं, कुणी घर बांधलं तर परसों बांधलं, मग त्याला आठवडा झालेला असो की दहा वर्षं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडचे, त्यामुळे आमच्या मराठीतला परवाही तसाच. माझी आई म्हणायची, "परवा तर तू पाळण्यात होतीस." तेव्हा मी दहावीला होते. मी परवा म्हणाले ते या परव्याने. पुण्याचा परवा कॅलेंडरवर सापडतो, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी ते झालं. भाजीला फोडणी बसत होती. गॅसचा वास आला होता म्हणे, पण हिंग तापलेल्या तेलात पडला होता आणि सगळ्यांना तो हिंगाचाच वास वाटला. कोपऱ्यातल्या शेगडीची नळी चिरली होती. भप्पकन आवाज झाला आणि जाळ नळीच्या बाजूने बाहेर आला.

त्या शेगडीवर आपा होती; आपा म्हणजे थोरली बहीण, सगळ्या तिला तसंच म्हणतात. आपा माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, काचीगुड्यापासून माझ्याबरोबर. भाज्या सगळ्या तिच्या हातच्या. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. ती ओरडली, मागे सरली, आणि मग जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तशीच फिरून ती जाळीच्या खोलीत गेली आणि उजव्या हाताने तिने सिलिंडर बंद केला. जाळ विझला. मी मात्र जागच्या जागी उभी राहून "हळद आणा, हळद आणा" म्हणून ओरडत होते.

"हळद नक्को!" लाटणाऱ्यांतली एक माझ्यावर खेकसली. प्रशिक्षणात सगळ्यांत जास्त हसली होती तीच. तिने आपाचा हात नळाखाली धरला आणि आपा ओढून घेऊ लागली तरी सोडला नाही. डॉक्टरने नंतर विचारलं, लगेच पाणी कुणी ओतलं? हात वाचला. डाग राहिला.

कंपनीला कळवणं भाग होतं. त्यांनी जुना फॉर्म काढला, चिरलेली नळी मागवून घेतली आणि वरचा थर खरवडून तिच्यावर छापलेलं साल वाचलं. चौथ्या दिवशी पत्र आलं. पुरवठा थांबवला आहे, आणि कारण म्हणून ते दोन शब्द. मॅडमने मला साधा फोनही केला नव्हता.

मी त्या दिवशी कुणाकुणावर ओरडले त्याचा हिशेब नाही. शेवटी आपाच घरून आली, हात गळ्यात बांधलेला. म्हणाली, "चिल्लाके क्या होता माँ? जाके बात करो. मैं भी आती."

कंपनीच्या खोलीत थंडी फार होती. टेबलापलीकडे मॅडम आणि कँटीनचं काम बघणारे एक वयस्क तेलुगू साहेब. बारा बायकांचं काम त्या टेबलावर होतं, आणि मला ते दोन शब्द घेऊन तिथून उठायचं नव्हतं. एकदा खोटी ठरलेली बाई या शहरात दुसरं कँटीन कुठून आणणार?

"काकू, मी विचारलं नळ्या कधी बदलल्या," मॅडम म्हणाली. "तुम्ही परवा म्हणालात. मी तारीख लिहिली. तुम्ही सही केलीत. आणि त्या मावशींचा हात भाजला."

"परवा म्हणजे आमचा परवा!"

"आमचा परवा म्हणजे काय?"

मी टेबलावर हात आपटणार होते. पण साहेब आपल्याशीच हसले. "मॅडम, इधर ऐसाइच बोलते," ते म्हणाले. "हमारे तेलुगू में भी मोन्ना बोलते. मोन्ना बोले तो कब का भी मोन्ना."

मॅडम आपाकडे वळली. "आप बताइए. नली कब बदली थी?"

"परसों," आपा शांतपणे म्हणाली.

"परसों मतलब कब?"

"मेरी छोटी की शादी के पैले."

साहेब मोठ्याने हसले. मीही हसले. जिंकले होते ना! मग हसता हसता माझ्या लक्षात आलं की आपाच्या धाकटीचा मुलगा आता शाळेत जातो. गेल्याच आठवड्यात त्याच्या दप्तरासाठी आपाने मला दुकान विचारलं होतं. साहेबांना ते माहीत नव्हतं, मॅडमलाही नव्हतं. आपाला माहीत होतं. ती आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत होती.

"म्हणजे खोटं नाही," मॅडम हळूच म्हणाली. "चुकलं माझं, मी विचारायला हवं होतं. मग काय लिहू, काकू?"

"काहीही लिहा. खोटी काढा."

"'तारीख ठाऊक नाही' लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

पुरवठा परत सुरू करायची अट एकच होती: पूर्ण दिवसाचं प्रशिक्षण, सहाच्या सहा भाग. मी पहिल्याच बोलण्यात कबूल केलं. साहेबांनी चमकून पाहिलं. त्यांचा माझा व्यवहार जुना आहे.

परतताना रिक्षात मी ऐटीत बसले होते. 'खोटी' गेलं होतं, काम परत मिळालं होतं.

"खुश?" आपाने विचारलं.

"खूश का नसणार? शेरा बदलला."

"हौ, बदला." ती बाहेर बघत म्हणाली. "झूटी बोले तो मालूम तो रैता माँ. अब तो लिख दिये, इनकू मालूमइच नै."

मला तिचा राग आला. रिक्षाने मूसी नदी ओलांडली. मग मी म्हणाले, "तुझा नातू कितवीत आहे ते तू तिथे बोलली नाहीस."

"पूछे कां?" आपा म्हणाली.

प्रशिक्षणाचा दिवस आमच्याच हॉलमध्ये झाला. तेवढी एक घासाघीस मी केली: पडद्यावरची चित्रं नकोत, शेगड्यांपाशी उभं राहून शिकवा, आणि इथल्या बोलीत शिकवा. मॅडमला बोली येईना, तेव्हा ती सांगत गेली तसं आपाने बोलीत सांगितलं, आणि जिथे गॅस बंद करायचा ते हात लावून दाखवलं. ताणतणावाच्या भागाला मॅडमने विचारलं, कामावर कशाचा ताण येतो? हळद नको म्हणून खेकसलेली ती म्हणाली, "ताईंच्या आवाजाचा." सगळ्या हसल्या. मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि थोडा वेळ बाहेरच थांबले.

नळ्या उलटून बघायला शिकवताना आणखी एक गोष्ट निघाली. प्रत्येक नळीवर तिचं साल छापलेलं असतं. आमच्या पाच जुन्या नळ्यांवर ते दिसेना. दर दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो. लाटणी, विळ्या, कणकेचं यंत्र, शेगड्या, सगळ्यांना हळदकुंकू. नळी शेगडीचीच, म्हणून तिलाही. आणि बोटं नेमकी जिथे सोयीची तिथे, म्हणजे छापलेल्या अक्षरांवर. वर्षानुवर्षांची हळद, त्यावर तेलाची वाफ. ते सगळं मीच माझ्या हाताने लावलं होतं, मनोभावे.

पाचही नळ्या त्याच दिवशी गेल्या. आणि ठरलं की यापुढे नळ्या दसऱ्यालाच बदलायच्या, मग जुनी धड दिसत असली तरी. आधी नवी नळी, मग पूजा. कुंकू शेगडीच्या लोखंडाला, रबराला नाही. कॅलेंडर कुणी विसरेल, दसरा कुणी विसरत नाही. आपाही नाही, इथे दसऱ्याला मटण शिजतं आणि त्या दिवशीच्या बिर्याणीवरून तिचं माझं दरवर्षी भांडण होतं.

यंदा दसऱ्यानंतर मॅडम तपासणीला आली. नेहमीसारखी दारापाशी उभी राहिली, फॉर्म काढला.

"काकू, नळ्या कधी बदलल्या?"

'परवा' जिभेवर आलंच होतं. मी ते गिळलं. "दसऱ्याला."

ती लिहायला लागली आणि थांबली. "कोणत्या दसऱ्याला?"

माझं डोकं तापलं. मागून आपा खुदकन हसली, मग लाटणाऱ्या सगळ्याच. मी कोपऱ्यातल्या शेगडीपाशी गेले, नळी हातात धरून फिरवली आणि छापलेली अक्षरं वर केली. मॅडम दारातून आत आली, चष्मा सावरत वाकली, साल स्वतः वाचलं आणि मग लिहिलं.

पहिल्या वेळी ती अशी वाकली असती तर, हे मी तिला अजून ऐकवलेलं नाही. कुंकवाखाली तिला काही दिसलं नसतं, हेही सांगितलेलं नाही. पोळी मात्र तिने त्या दिवशीही दोनदा मागितली, आणि आपाने तिला डाग राहिलेल्या डाव्या हाताने वाढली.