पारुबाईच्या गाडीचे चार दिवे

पारुबाईला शेळीचं दुखणं लांबून कळतं. कान पडले, रवंथ थांबला, की ती बोट दाखवते, "हिला बाजूला काढा." गोरेगावच्या आसपास सात गावांत ती पशुसखी म्हणून लसीचा बर्फाचा डबा घेऊन फिरते. आधी पायी, नाहीतर जीपनं. दोन वर्षांमागं तिनं चार्जिंगची गाडी घेतली, आणि तिचं दुखणं मात्र तिला काही केल्या कळेना.

हँडलपाशी चार दिवे होते. चारही लागले की बॅटरी भरली. पण अलीकडं चढ आला की चाराचा एक व्हायचा आणि गाडी थांबायची. पारुबाई लिंबाखाली टेकायची, थोड्या वेळानं चावी फिरवायची, तर पुन्हा तीन दिवे. निघाली की परत एक.

"मरून राहिली का जगून राहिली, समजंना," ती नवऱ्याला म्हणाली.

"तापली आसंल. वलं पोतं टाक," किसनराव म्हणाले.

पोतं टाकून काही झालं नाही.

तसं तिनं बॅटरीला फार जपलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, रोज पूर्ण भरा. शेजारची रागिणी अंगणवाडीला अशाच गाडीवर जायची, ती म्हणाली, "पुरी भरू नका मावशी. तीन दिवे झाले की वायर काढा. लई वर्षं टिकते." कुणाचं ऐकावं? रागिणी रोज गाडी चालवते, म्हणून पारुबाईनं तिचं ऐकलं. अंगणात लांब वायर टाकायची, करडं ती चावायला यायची, त्यांना हाकलत तिसऱ्या दिव्याची वाट बघत बसायची.

मग एक दिवस तांड्याच्या चढावर गाडी चारदा थांबली. शेवटी ढकलत वर नेली. साठ शेळ्या बांधून लोक वाट बघत होते, पण डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. तिनं लस टोचली नाही. "परवा येते," एवढंच बोलली, आणि मान वर न करता उतरली.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून सेनगावला धम्मानंद मिस्त्रीकडं नेली. त्यानं मीटर लावलं, मागचं चाक उचलून फिरवलं. मीटरवरचा आकडा भसकन खाली आला.

"मावशी, अर्धवट भरून भरून बसली ही. शिशाची बॅटरी हाय, हिला रोज पोटभर लागतं."

"मंग रागिणी चुकीचं बोलली?"

"न्हाई. तिची लिथियमची आसंल. तिला तेच बराबर."

"आन दुकानदार?"

"त्योबी बराबर."

दोघंही बराबर, आणि बॅटरी तर मेली.

धम्मानंदनं दोन्ही जातींच्या बॅटऱ्या समोर ठेवल्या. कोणती किती चालते, कोणती किती वर्षं टिकते, सगळं सांगितलं; निम्मं डोक्यावरून गेलं. शेवटी तिनं हातानं उचलून पाहिलं. शिशाच्या बॅटऱ्यांचा जोड हलेना. लिथियमची एका हातात आली.

"ही घरात नेता येईल? करडं वायर खातात."

"व्हय. काढून न्या, घरात भरा. पण उन्हातून आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या. चार्जर हिचाच लावा. पार रिकामी करू नका, आन भरून नुसती ठेवूबी नका."

म्हणजे दोन वर्षं जे केलं ते चूक होतं, आणि आता तेच करायचं. लिथियमची बसवून निघाली, तेव्हा वाटभर ती हेच घोकत होती.

गाडी आता चढते. परवा तांड्यावर सगळ्या शेळ्या टोचून झाल्या, तेव्हा तिथल्या भिकाबाईनं विचारलं, सुनेला अशी गाडी घ्यायची हाय, कशी जपायची?

"आदी आत बॅटरी कोणती हाय ते इचार," पारुबाई म्हणाली. "मंग कोणाचं ऐकायचं ते ठरव."

"म्हंजी?"

"म्हंजी... मलाबी अजून पुरतं कळलं न्हाई गं."