प्रांत मुनिराबाई आणि वाघाचं रान

मुनिरा बुबेरे तलाठी झाली, तेव्हा तिच्या अब्बांनी, हमदानमियाँनी, अख्ख्या लोधिवलीत टेंपो थांबवत थांबवत सांगितलं, "पोरगी सरकारात गेली!" शेजारच्या लुबनाखाला म्हणाल्या, "सरकारात कसली? चिखलात गेली. बांधाबांधानं फिरेल आता." दोघांचंही खरं ठरलं. खालापूरचे बांध तुडवत ती मंडळ अधिकारी झाली, मग नायब तहसीलदार, तहसीलदार, आणि केस पांढरे होता होता कर्जतची प्रांत.

प्रांत म्हणून वनहक्क समितीचं अध्यक्षपद तिच्याकडे. त्या दिवशी डोंगरातल्या एका ठाकरवाडीचा दावा समोर होता. रानातली शेवळांची भाजी, मध, मोहाची फुलं वाडीनं आणावीत की नाही, एवढाच प्रश्न. दावा फेटाळला तर वाडीचं रानात जाणंच बंद. वाडीतर्फे सोमी उभी होती. तिचा नवरा वाघ्या मागं भिंतीला चिकटून.

"रान तुमचं आहे का?" समितीतल्या विकासरावांनी विचारलं.

"नाय," सोमी ठणकावून म्हणाली. "आमचं नाय."

विकासरावांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, संपलं. दावेदारच नाही म्हणतायत."

"अगं, काय बोललीस गं हे?" वाघ्या मागून पुटपुटला.

"खरं तेच बोलले. तुझं हाय काय रं?"

"नाय."

"दोन झाले," विकासराव म्हणाले.

मुनिराला हसू आलं. ही बाई खोटं बोलायची नाही, आणि तिचं 'नाय' असंच कागदावर गेलं तर वाडीच्या चुली अडणार. ती खुर्ची ओढून सोमीसमोर येऊन बसली.

"सोमीताई, मग रान कोणाचं?"

"वाघाचं. आनि कुनाचं?"

"म्हणजे नवऱ्याचं?" विकासरावांनी टोपण पुन्हा काढलं.

"ह्याचं? ह्याच्या नावावर घरातलं मडकं पन नाय!" वाघ्यासकट सगळे हसले. "वाघदेवाचं वो. डोंगरात शेंदूर फासलेला हाय तो."

"आणि तुम्ही तिथं काय करता?"

"आमी वाघाचं खातो. पयली शेवळं त्याच्याम्होरं ठेवल्याबिगर घरात नेत नाय. सासू ठेवायची, तिची सासू ठेवायची. आता गार्ड अडवतो."

मुनिरा विकासरावांकडे वळली. "कायदा मालकी विचारत नाही, वहिवाट विचारतो. ती या बाईनं आत्ता सांगितली. आपला प्रश्नच चुकला."

"मग लिहू काय?"

"बोलली तसंच. वाघासकट."

दाव्याची शिफारस झाली. पण शेवटचा निर्णय अलिबागच्या जिल्हा समितीचा, हे सोमीला सांगणं भाग होतं.

"तिथं परत इचारतील?"

"विचारतील."

"मंग तुमी या संगती."

"मी त्याआधीच निवृत्त होतेय. बोलायचं तुम्हालाच. वाघाचं सांगा, सासूचं सांगा. फक्त सुरुवात 'नाय'नं करू नका."

बाहेर आल्यावर सोमीनं वाघ्याला पुढ्यात उभं केलं. "तू सायेब हो. इचार."

वाघ्यानं छाती काढली. "रान तुमचं हाय काय?"

"ना—" सोमीनं तोंडावर हात दाबला. "परत इचार रं."